विधानसभेच्या उंबरठ्याबाहेर

मध्य प्रदेशातल्या धारच्या ‘ज्ञानदूत’ला पाव शतक उलटून गेलं. 1 जानेवारी 2000 रोजी पवारांच्या या जुन्या संस्थानात मंडीचे भाव, जमिनीच्या खसऱ्याची नक्कल, कलेक्टरकडची तक्रार असं सगळं गावच्या ‘सूचनालया’तल्या संगणकावर होऊ लागलं. त्याच वर्षी स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. भोपाळात 1999 मध्ये मॅप-आयटी ही राज्य सरकारची माहिती-तंत्रज्ञान संस्था नोंदली गेली होती. त्याआधीचा काळ फायली आणि निविदांचा. तो सोडून दिला तरी चालेल.

खरं घडलं ते पुढच्या दहा वर्षांत. ज्ञानदूत चालवायला कलेक्टरच्या अध्यक्षतेखालची समिती होती. पाठीशी कायदा नव्हता. दिवसदिवस वीज नसे, डायल-अप लाइन मध्येच तुटे. सूचनालय चालवणाऱ्या सूचकाला पगार नव्हता, त्याची कमाई ग्राहकाच्या फीवर. बिजली-सडक-पाणी या मुद्द्यांवर 2003 मध्ये दिग्विजय सिंहांचं सरकार गेलं. कौतुक करणारे अधिकारी बदलून गेले आणि सूचनालयं ओस पडत गेली. जगाने गौरवलेलं काम असं विझू देणं हा अपराध होता, आणि त्याचा जाब विधानसभेत द्यावा लागेल अशी तरतूदच नव्हती.

2006 मध्ये एमपी ऑनलाइन हे सरकारी सेवांचं पोर्टल आलं. भागीदारीत 89 टक्के वाटा टीसीएसचा, उरलेला सरकारचा. ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठाचा फॉर्म भरायला तिथल्या लष्कर भागातली मुलं एमपी ऑनलाइनच्या पाटीखाली उभी राहिली.

मग 2010. लोकसेवा गॅरंटी कायदा देशात पहिल्यांदा मध्य प्रदेशाने केला. सुरुवातीला 26 सेवा, प्रत्येकीला मुदत. मुदत चुकली तर अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 5,000 रुपये दंड, आणि तो अर्जदाराला भरपाई म्हणून देता येतो! ग्वाल्हेरच्या नया बाजारातल्या माणसाला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी हात जोडण्याऐवजी अपील करता येऊ लागलं. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या कायद्याचा गौरव केला. महाराष्ट्राने असा कायदा 2015 मध्ये केला.

पण हा दंड नेमून दिलेल्या अधिकाऱ्याच्या पगारातून जातो. ज्या यंत्रणेवर त्याचं काम अवलंबून, ती चालवणाऱ्या संस्थेचं काय? खिडकीवर ‘सर्व्हर बंद है’ ऐकून परतलेल्या म्हातारीची रोजी बुडते, ती कोणाच्या नावे मांडायची?

अशा संस्थेला जाब विचारायला अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये 1977 पासून ‘सनसेट’ कायदा आहे. तिथल्या माहिती-तंत्रज्ञान खात्याची ठरावीक वर्षांनी झडती होते, आणि विधिमंडळाने मुदतवाढ दिली नाही तर खातं संपतं. मध्य प्रदेशातही मुदतीचं असं कलम यायला हवं, आणि मुदतवाढ मागणाऱ्या संस्थेने तहसीलवार सांगावं: सर्व्हर किती तास बंद होता, किती अर्ज त्यापायी अडले, त्यांची भरपाई कोणी भरली.