आंदणाचे बेट आणि पनवेलची वाट

मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, हे वाक्य शाळकरी वयापासून मराठी वाचकाच्या कानावर इतक्या वेळा पडलेले असते की, त्याविषयी शंका घ्यावी असे सहसा कोणाला वाटत नाही. वाक्य खोटे नाही. १६६१ च्या विवाहतहात पोर्तुगालच्या राजाने आपली बहीण कॅथरिन हिच्याबरोबर हे बेट दुसऱ्या चार्ल्सला दिले, हे खरेच आहे. परंतु कागदावर दिलेले आंदण पदरात पडायला पावणेचार वर्षे लागली. १६६२ मध्ये इंग्रजांचे आरमार मुंबईच्या बंदरात आले, तेव्हा तेथील पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ताबा देण्याचे साफ नाकारले. सर अब्राहम शिपमन आणि त्याचे सुमारे चारशे सैनिक यांना कारवारनजीकच्या अंजदीव या ओसाड बेटावर जाऊन बसावे लागले. दूषित हवा, आजार आणि उपासमार यांनी तेथे माणसे पटापट मरू लागली. १६६४ मध्ये खुद्द शिपमनही गेला. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये त्याचा चिटणीस हंफ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला, त्या वेळी त्याच्यामागे शंभराच्या आसपास शिपाई उरले होते. साम्राज्याचा आरंभ म्हणून ज्याचे वर्णन केले जाते, तो प्रसंग असा केविलवाणा होता.

तीन वर्षांतच राजा या आंदणाला कंटाळला. वर्षाला दहा पौंड खंड घेऊन त्याने १६६८ मध्ये बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या गळ्यात बांधले. त्या सनदेत एक चमत्कारिक अट आहे. कंपनीने मुंबई धारण करायची ती केंट परगण्यातील ईस्ट ग्रीनिच या जहागिरीचा भाग म्हणून! माहीम-माझगावच्या भातखाचरांचा लंडनजवळच्या एका गावाशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर असे की, १६०६ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियाची सनद देताना वापरलेला मसुदा कारकुनांच्या दप्तरात तयारच होता. कायद्याच्या दृष्टीने मुंबई ही सुरत किंवा मच्छलीपट्टणसारखी वखार नव्हती. व्हर्जिनियाच्या साच्यात ओतलेली ती एक वसाहत होती.

आणि व्हर्जिनियाचा अनुभव काय होता? १६०७ मध्ये जेम्सटाऊन येथे उतरलेल्या इंग्रजांना शेती करता येईना. जवळच्या पॉव्हटन लोकांनी मका दिला तोवर ते तगले. त्या लोकांनी पाठ फिरवली, तेव्हा १६०९-१० च्या एका हिवाळ्यात सुमारे पाचशेंपैकी साठच माणसे वाचली. परक्या किनाऱ्यावर कोट उभारणे सोपे, कोटाच्या आत चूल पेटती ठेवणे अवघड. वसाहत कोणाच्या तोफांवर उभी आहे, हे इतिहासकार हिरिरीने सांगतात. ती कोणाच्या दाण्यावर जगली, हे फारसे कोणी विचारत नाही. मुंबईच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर अपोलो बंदरावर उभे राहून चालणार नाही. खाडी ओलांडून पनवेलला यावे लागेल.

इंग्रजांच्या हाती आलेले बेट नारळी, मीठ आणि मासळी यांचे होते. तांदूळ, जळाऊ लाकूड, गवत, भाजी हे सारे समोरच्या मुलखातून यायचे. साष्टी आणि कारंजा पोर्तुगीजांकडेच राहिल्याने ठाणे व कारंजा येथील चौक्यांवर ते जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर जकात उगवीत. त्यापलीकडचा कल्याण, पनवेल, नागोठणे हा पट्टा १६७० नंतर शिवाजी महाराजांच्या अमलात होता. पनवेलचे महत्त्व दुहेरी होते. भरतीला मचवे आत घेणारी खाडी गावाला लागून, आणि बोरघाटातून देशावर चढणारी वाट गावातूनच. घाटावरचा बैल जेथे थांबतो आणि कोकणचे गलबत जेथून सुटते, असे ते ठिकाण.

कंपनीचा हुशार गव्हर्नर जेरल्ड ऑंजियर याला ही दुबळी बाजू पुरती ठाऊक होती. मुंबईत इंग्रज वस्ती रुजावी म्हणून कंपनीने विलायतेहून इंग्रज स्त्रियासुद्धा पाठवून पाहिल्या. तो उद्योग फसला. मग ऑंजियरने वेगळा मार्ग धरला. धर्माच्या बाबतीत हात घालणार नाही, असे आश्वासन देऊन त्याने इतर बंदरांतले वाणी, पारशी, विणकर बेटावर बोलावले. दीवच्या नीमा पारख या व्यापाऱ्याशी १६७७ मध्ये झालेला करारनामा प्रसिद्धच आहे. व्हर्जिनियाच्या साच्यातली ही वसाहत अशी एतद्देशीयांनीच वसवली. माणसे वाढली, तसे खाणारे तोंडही वाढले आणि पैलतीरावरचे अवलंबन अधिकच घट्ट झाले.

१६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडन रायगडावर राज्याभिषेकाला आला, तो नजराणे घेऊन मुजऱ्यापुरता नव्हे. राजापूरच्या लुटीची भरपाई आणि व्यापाराची मोकळीक हवी होती. पाच वर्षांनी महाराजांनी खांदेरी बेटावर तट बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी आरमार पाठवून विरोध केला. याच झगड्यात महाराजांची फौज कल्याणला उतरली. पोर्तुगीजांनी साष्टीतून वाट नाकारताच ती पनवेलकडे वळली, असे इंग्रजी वृत्तान्त सांगतात. पनवेलला मराठी फौज आणि मुंबईत घबराट, हे समीकरण तेव्हाच सिद्ध झाले. खांदेरी अखेर महाराजांकडेच राहिली.

मग नळी हातात असताना ती आवळली का गेली नाही? हा प्रश्न मराठ्यांच्या इतिहासाला टोचणारा आहे. अज्ञान होते, असे म्हणता येत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त टोपीकरांविषयी स्पष्ट बजावले आहे: हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी राजे आहेत, यांना समुद्रकाठी व खाडीच्या मुखाशी जागा देऊ नये. इतके अचूक निदान त्या काळी हिंदुस्थानात क्वचितच कोणी केले असेल. पण निदान म्हणजे उपचार नव्हे. पनवेलच्या तांदळाला आणि लाकडाला मुंबईसारखे गिऱ्हाईक दुसरे नव्हते. बंदराची जकात खजिन्यात पडत होती. सिद्दी आणि फिरंगी हे जवळचे शत्रू होते आणि त्यांच्याविरुद्ध इंग्रज कधीमधी उपयोगी पडेल ही आशा होती. वेढा घालणाऱ्याचे पोटही वेढलेल्याच्या बाजारावर चालू लागले, की वेढा सैल पडतोच. यात कोणा एका पेशव्याला दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही.

१७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि मुंबईभोवतीचे कडे प्रथमच एका सत्तेच्या हाती आले. इंग्रजांनी घाईघाईने तह केला, कोटाभोवती खंदक खणायला घेतला, व्यापाऱ्यांनी त्यासाठी वर्गणी दिली. पस्तीस वर्षे हे कडे टिकले. पुण्यात भाऊबंदकी माजली, तेव्हा डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टी गिळली. राघोबादादांचा कैवार हे निमित्त. दाण्याची आणि संरक्षणाची चिंता एकदाची मिटवणे हा त्यामागचा खरा हिशेब.

त्या हिशेबाची परीक्षा पनवेलच्या वाटेवर झाली. नोव्हेंबर १७७८ मध्ये कर्नल इगर्टनच्या हाताखाली सुमारे ३,९०० शिपाई मुंबईहून येऊन पनवेलला उतरले. बरोबर बैल होते १९ हजारांवर! घाट चढून तोफा वर न्यायला डिसेंबर उजाडून सरत आला आणि खंडाळ्यापुढे हे लष्कर दिवसाला जेमतेम पाऊण मैल सरकू लागले. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. शत्रू असूनही त्याच्या शौर्यावर लुब्ध होऊन मराठ्यांनी त्याला ‘इष्टूर फाकडा’ म्हटले, हा मराठी मनाचा मोठेपणा. तळेगावला पोचलेल्या फौजेला महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांनी दाणावैरणीवाचून पेचात धरले. रात्रीच्या अंधारात तोफा तळ्यात ढकलून ती मागे फिरली आणि वडगावला शरण आली. दोन वर्षांनी जनरल गॉडर्डचीही तीच गत झाली. बोरघाटाच्या माथ्यावर तो बसला, पण खाली पनवेलपर्यंतची रसदेची वाट परशुरामभाऊ पटवर्धनांनी सुखाने चालू दिली नाही. एप्रिल १७८१ मध्ये ४६६ माणसे जायबंदी अथवा ठार करून घेऊन तो पनवेलला परतला. रणांगण जिंकण्यापेक्षा वाट तोडणे अधिक परिणामकारक, हे मराठ्यांनी दोनदा दाखवून दिले. तथापि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. घाटात मिळवलेले खाडीत गेले.

पुढची कथा वेगाने सरते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. ज्या घाटात इगर्टनचे बैल अडले, तेथून १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमने गाडीरस्ता खुला केला. पनवेलला भरभराट आली. १८५२ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली, ती राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. देशावरचे गाडीवान परतताना पनवेलची चाके विकत नेत, इतका इथला चाके घडवण्याचा धंदा नावाजलेला होता. मग १८६३ मध्ये आगगाडी कर्जतमार्गे घाट चढली आणि पनवेलचे बंदर एकाएकी बाजूला पडले. ज्या बेटाला या खाडीने पोसले, त्याला आता तिची गरज उरली नव्हती.

बेटाची भूकही तोवर बदलली होती. तांदळाच्या मचव्यांची वाट पाहणाऱ्या त्याच मुंबईहून निघालेल्या आरमाराने जानेवारी १८३९ मध्ये अरबस्तानच्या टोकावरचे एडन घेतले आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे तेथला कारभार हिंदुस्थानातूनच, बराच काळ मुंबई इलाख्याचा भाग म्हणून, चालला. वसाहतीला स्वतःची वसाहत झाली. इलाख्यात ठेवणे धोक्याचे वाटणाऱ्या राजकीय कैद्यालाही तेथे धाडता येऊ लागले. १८७९ मध्ये बंड करून पकडलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांना जन्मठेप झाली, ती भोगायला त्यांना एडनलाच नेण्यात आले. त्यांचे जन्मगाव शिरढोण पनवेलपासून जवळच आहे. फेब्रुवारी १८८३ मध्ये कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते तुरुंगाबाहेर पडले. पण पुढे अनोळखी वाळवंट होते, आणि ते पुन्हा पकडले गेले. त्यांनी अन्न वर्ज्य केले. १७ फेब्रुवारीला एडनच्या तुरुंगातच त्यांचे देहावसान झाले.