नवे इंधन, टँकरची वाट आणि कन्हानचे पाणी

गांधीबाग-इतवारीतून कापडाच्या गाठी ज्या रस्त्यांनी जबलपूर, रायपूर, हैदराबादकडे जातात, त्याच रस्त्यांवर आता इथेनॉल आणि द्रवरूप नैसर्गिक वायू म्हणजे एलएनजीचे टँकरही धावतात. नागपूरने या इंधनांचे स्वागत लवकर केले. २०१४ साली इथेनॉलवर चालणारी बस शहरात आली. जुलै २०२१ मध्ये कामठी मार्गावर देशातले पहिले खासगी एलएनजी भरणा केंद्र सुरू झाले. धूर कमी होतो, हे खरेच. पण इंधन इंजिनात जाण्याआधी रस्त्याने येते, हे आम्ही व्यापारी विसरतो.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. ते पाणी ओढून घेते, म्हणून पेट्रोलच्या पाइपलाइनमधून सहसा पाठवत नाहीत. कारखान्यातून डेपोपर्यंत टँकरनेच न्यावे लागते. टँकर उलटला तर काय होते? डिझेल पाण्यावर तरंगते, ते अडवून काढता येते. इथेनॉल साखरेसारखे विरघळते, काढता येत नाही. जिवाणू ते खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. अमेरिकेच्या केंटकी राज्यात मे २००० मध्ये मद्याच्या गोदामाला आग लागून मद्य नदीत वाहिले, तेव्हा असेच असंख्य मासे मेले. शिवाय इथेनॉलची ज्वाळा उन्हात नीट दिसत नाही आणि साधा फेस त्यावर टिकत नाही. त्यासाठी वेगळा फेस लागतो.

एलएनजी उणे १६२ अंशांवर ठेवतात. ते सांडले तर पाणी नासत नाही, लगेच वाफ होते. पण ती थंड वाफ जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीने पेटते. न पेटता हवेत गेलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा ८० पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. म्हणजे गळती झाली की स्वच्छ इंधनाचा फायदाच बुडतो. २० डिसेंबर २०२४ रोजी जयपूरजवळ एलपीजी टँकरला ट्रकची धडक बसली. वायू पसरून आजूबाजूची कितीतरी वाहने जळाली, माणसे गेली. त्यांतल्या बहुतेकांचा त्या टँकरशी काही संबंध नव्हता.

जबलपूरचा रस्ता कामठीपुढे कन्हान ओलांडतो. नागपूर-कामठीच्या घरांत याच नदीचे पाणी येते. कामठीच्या विणकर भाईंचे घर आणि धंदा, दोन्ही तिच्यावर आहेत.

म्हणून काही गोष्टी आम्ही आजच कराव्यात. टँकरवरील पाटीचे आकडे ड्रायव्हरला शिकवावेत : १९७२ एलएनजी, १०७५ एलपीजी, ११७० इथेनॉल. अशा टँकरपासून अंतर ठेवावे, त्याच्याशेजारी गाडी उभी करू नये. गळती दिसली तर गाडी लांब थांबवून इंजिन बंद करावे, विडी पेटवू नये, वाऱ्याच्या उलट बाजूला जाऊन ११२ वर फोन करावा आणि पाटीवरचा आकडा सांगावा. ज्यांचे स्वतःचे टँकर आहेत, त्यांनी १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखालील विमा चालू आहे ना, हे पाहावे. या कायद्यात चूक सिद्ध न होताही मालकाला भरपाई द्यावी लागते. टँकरच्या परवान्यांचे नियम पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. शंका असेल तर तेथे विचारावे.

रस्त्यातील काटा बाजूला करणे हाही ईमानचा भाग आहे, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आजच्या रस्त्यावरचा काटा हा असा आहे.