पुढची काच कुठे मिळेल?

लोटसची बातमी एव्हाना सगळ्यांच्या वाचनात आली असेल. ब्रिटनमधल्या ५५० पर्यंत नोकऱ्या कमी करणार, असं कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं आणि गाड्यांच्या शौकिनांत सुतक पडलं. मला मात्र ती बातमी वाचताना बोरगाव फाट्यावरचा मिस्त्री आठवला.

बोरगाव सुरगाणा तालुक्यातलं. वणीकडून सापुताऱ्याला निघालं की लागतं. जानेवारीचे दिवस होते, रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीचे स्टॉल लागलेले. त्यांच्या शेजारी एक बुटकी, दोन सीटांची लाल गाडी वाफ सोडत उभी होती. कंपनीचं नाव सांगत नाही, छोटी आहे एवढंच. मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि गप्पच झाला. आत सामानाची रिकामी पेटी! ‘साहेब, मशीन कुठे ठेवलं?’ इंजिन सीटच्या मागे निघालं. तिथून पुढच्या रेडिएटरपर्यंत पाणी नेणारा लांबलचक पाइप एका जोडाशी चिरला होता. मिस्त्रीने पिकअपच्या होजचा वीतभर तुकडा कापून बसवला, दोन क्लिपा आवळल्या, पाणी भरलं. पाऊण तासाचं काम. तोवर मालक कंपनीला फोन लावत होता. नवा पाइप कधी मिळेल, हे तिकडच्या माणसाला काही सांगता येत नव्हतं.

छोट्या स्पोर्ट्स कारचं दुखणं ते हेच. गाडी किती पळते याची चर्चा रंगते, पण ती बंद पडल्यावर काय, हे कोणी विचारत नाही.

आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे डीसी अवंती. दिलीप छाब्रियांनी जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती मांडली, तेव्हा ‘भारताची पहिली सुपरकार’ म्हणून केवढा गाजावाजा झाला! मीही तेव्हा हरखलो होतो. तळेगावच्या कारखान्यातून ती २०१५ मध्ये बाजारात आली. किंमत सुमारे ३६ लाख, इंजिन रेनोचं दोन लिटरचं टर्बो, ताकद २५० अश्वशक्ती. इंजिन उसनं घेतलं यात कमीपणा काहीच नाही, उलट शहाणपणच आहे. अडचण वेगळी होती. रेनो भारतात ज्या गाड्या विकत होती, त्यांतल्या एकीतही हे इंजिन नव्हतं. म्हणजे रेनोच्या सर्व्हिस सेंटरलाही ते परकंच.

आणि इंजिन तसं सहसा दगा देत नाही. दगा देतात दरवाज्याचं रबर, काच खाली-वर करणारी मोटर, वायरिंगचे जोड. मोठी कंपनी गाडी बाजारात आणण्याआधी चाचणीच्या गाड्या उन्हापावसात लाखो किलोमीटर पळवून हे सगळं मोडून बघते. छोट्या कंपनीकडे तेवढा पैसा नसतो, मग पहिले शे-दोनशे गिऱ्हाईकच तिची चाचणी करतात, तीही स्वतःच्या पैशाने. त्यात हाताने घडवलेली बॉडी असली की एका गाडीचा दरवाजा दुसरीला घासल्या-तासल्याशिवाय बसत नाही. दिव्याचा साचा बनवायचा खर्च दोनशे गाड्यांवर वसूल होत नाही, म्हणून पुरवठादार दारात उभं करत नाही.

अवंतीचं पुढचं प्रकरण तर गॅरेजमधून थेट पोलीस ठाण्यात गेलं. २८ डिसेंबर २०२० ला मुंबई पोलिसांनी छाब्रियांना अटक केली. एकाच चेसिस नंबरवर एकाहून जास्त गाड्यांची नोंदणी आणि त्यांवर कर्जं, असा आरोप होता. तपास करणाऱ्या पथकाचे प्रमुख सचिन वाझे पुढे मार्च २०२१ मध्ये दुसऱ्याच प्रकरणात स्वतः गजाआड गेले. आरोप हे आरोपच, त्यांचा निवाडा कोर्टाने करायचा. पण ज्याच्या दारात अवंती उभी होती, त्याच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्याआधी गोव्यात सॅन स्टॉर्म बनत असे. छोटीशी, उघड्या टपाची, तिलाही रेनोचंच १.२ लिटरचं इंजिन. तेव्हा रेनो भारतात गाड्या विकतही नव्हती! माझ्या मते यात खरी अक्कल दाखवली ती अलिबागजवळच्या कार्लेखिंडीतल्या चिंकारा मोटर्सने. शमा आणि गिडो बोथे या दाम्पत्याने त्यांच्या रोडस्टरला इसुझूचं १.८ लिटर इंजिन बसवलं. तेच इंजिन हिंदुस्तान मोटर्स अॅम्बेसेडरला देत होती. म्हणजे टॅक्सी दुरुस्त करणारा कोणीही मिस्त्री ही स्पोर्ट्स कार उघडू शकत होता. दिसायला अवंतीइतकी देखणी नव्हती, हे कबूल.

आता नाशिककरांच्या ओळखीची गाडी घ्या. महिंद्रा-रेनो लोगान. २००७ मध्ये इथेच बनायला लागली. दिसायला पेटीसारखी, तिच्यावर कोणी जीव टाकला नाही. २०१० मध्ये रेनोने भागीदारी सोडली, गाडीचं नाव बदलून व्हेरिटो झालं, पुढे तीही बंद पडली. भागीदार गेला, तरी गिऱ्हाईक उघड्यावर पडलं नाही, कारण मागे महिंद्रा उभी होती.

लोटसला हा धडा आधीच मिळाला होता. त्यांच्या एलिसमध्ये सुरुवातीला रोव्हरचं इंजिन होतं आणि त्याचं हेड गॅस्केट जाणं ही नित्याची रडकथा. २००४ मध्ये त्यांनी टोयोटाचं इंजिन घ्यायला सुरुवात केली, २००५ मध्ये रोव्हर बुडाली, पण एलिस चालत राहिली. इतकी वर्षं ही कंपनी टिकली, त्यात टोयोटाचा वाटा लोटसच्या भक्तांना वाटतो त्याहून मोठा आहे. २०१७ पासून ती चीनच्या गीलीच्या ताब्यात आहे आणि भारतात नोव्हेंबर २०२३ मध्ये आली ती २ कोटी ५५ लाखांची, अगडबंब, विजेवरची एलेत्रे घेऊन. हलक्या गाडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने हे करावं? मला तरी पटलेलं नाही.

तेव्हा जुनी अवंती स्वस्तात मिळतेय असा फोन तुम्हाला आला, तर दोन कामं आधी करा. चेसिस नंबर आरसीशी आणि आरटीओच्या नोंदीशी ताडून बघा. आणि विकणाऱ्याला विचारा, पुढची काच फुटली तर कुठे मिळेल? ‘बघतो, कळवतो’ असं उत्तर आलं, तर फोन ठेवून द्या.