सोडल्यानंतरचे दिवस

शुक्रवार हा अंबरनाथ एमआयडीसीचा सुटीचा वार. त्या दिवशी आनंदनगरच्या रस्त्यांवर टँकर नसतात, पाळी बदलल्याचा भोंगा होत नाही, बॉयलर थंड असतात. इथल्या एका लहानशा औषधसंशोधन प्रयोगशाळेत काम करणारी एक मुलगी आपल्या सगळ्यांत नाजूक चाचण्यांसाठी नेमका हाच वार राखून ठेवते. ती पीएच.डी. करते आहे. वयात येणाऱ्या उंदराला काही दिवस निकोटिन दिलं आणि मग एकदम बंद केलं, तर पुढच्या दिवसांत त्याच्या मनःस्थितीचं काय होतं, त्याचा ताण कसा वाढतो, हे तिला पाहायचं आहे.

निकोटिन हे उत्तेजकच. कोकेन किंवा अ‍ॅम्फेटामिनइतकं जहाल नाही, पण मेंदूतल्या डोपामिनच्या त्याच वाटा ते जागवतं. आमच्या पट्ट्यात पोरांच्या हाती सर्वांत आधी येतं तेही हेच. कंत्राटी कामाला लागलेली, मिसरूड न फुटलेली पोरं जाणत्या कामगारांच्या शेजारी बसून तंबाखू मळायला आणि बार भरायला शिकतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, तरी रिकाम्या पुड्या कुठे दिसत नाहीत असा कोपरा आमच्याकडे नाही. २०१९च्या युवा तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या १३ ते १५ वयोगटातल्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखूच्या कुठल्या ना कुठल्या सवयीत सापडले होते. म्हणून मला ही चाचणी जवळून पाहायची होती.

पण मला खोलीत घेतलंच नाही. साध्या साबणाने अंघोळ करून या, अत्तर-तेल काही नको, असा निरोप आधीच आला होता आणि तो मी पाळला होता. तरी त्या मुलीने मला बाहेरच्या खोलीत मॉनिटरसमोर बसवलं. "सर, राग मानू नका. पुरुषाच्या नुसत्या वासाने यांचा ताण वाढतो." हे तिच्या मनचं नाही. कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिलं की, पुरुष जवळ असला किंवा त्याने घातलेला टीशर्ट जरी खोलीत ठेवला, तरी उंदरांच्या अंगातलं ताणाचं संप्रेरक वाढतं. ताण मोजणाऱ्यानेच ताण वाढवायचा नाही, ही या कामातली पहिली शिस्त. तिथली सगळी कामं मी या शिस्तीखालीच चाललेली पाहिली.

उंदीर विस्टार जातीचे. घरातल्या उंदरापेक्षा थोराड, पांढरेशुभ्र, लालसर डोळ्यांचे. २१व्या दिवशी ते आईपासून वेगळे होतात आणि साधारण २८व्या ते ४२व्या दिवसापर्यंत त्यांचं ऐन पौगंड असतं. या वयात ते एकमेकांच्या मानेवर झेप घेतात, पाठीवर लोळवतात, अखंड मस्ती करतात. या दोन आठवड्यांत एका गटाला दिवसातून दोनदा निकोटिनची सुई टोचली जाते आणि दुसऱ्याला नुसत्या सलाइनची. कुठला पिंजरा कुठल्या गटाचा, हे चाचणी घेणाऱ्या मुलीला ठाऊक नसतं. ते प्राणिगृह सांभाळणाऱ्या काकांच्या वहीत असतं आणि वही त्यांच्या कपाटात.

सुई थांबली की खरं काम सुरू होतं. मला वाटलं होतं, काही तरी नाट्यमय दिसेल. प्रौढ उंदरांत तसं थोडंफार दिसतंही. टेक्सासमधल्या डेव्हिड मालिन यांनी १९९२ साली निकोटिन तुटलेल्या उंदरांच्या लक्षणांची एक मोजदाद बसवून दिली: दात कडकडवणं, उगाच चघळल्यासारखं तोंड हलवणं, थरथर, जांभया, जड झालेल्या पापण्या, ओल्या कुत्र्यासारखं अंग झाडणं. तोलून पाहण्यासाठी इथेही प्रौढांचा एक गट आहे. त्यांच्या पिंजऱ्यासमोर त्या मुलीची पेन्सिल कागदावर सारखी चालत होती. कोवळ्या पिल्लांच्या पिंजऱ्यासमोर ती बराच वेळ नुसती हातात धरलेली होती. पिल्लं खात होती, अंग चाटत होती. पाहणाऱ्याने म्हणावं, यांना काही झालेलंच नाही.

हे निरीक्षण नवं नाही. टेक्सास विद्यापीठाच्या एल पासो शाखेतल्या लॉरा ओडेल यांनी ते पूर्वीच नोंदवलं आहे. निकोटिन तुटल्यावर पौगंडातल्या उंदरांत शरीराची लक्षणं प्रौढांपेक्षा कमी दिसतात. सोडण्याचा त्रास कमी, म्हणून पुन्हा धरायची भीतीही कमी. कोवळ्या वयात लागलेली सवय इतकी घट्ट का बसते, याचं एक उत्तर त्यांना यात दिसतं.

मग मनाचं काय? ते डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी आडवाटेने जावं लागतं. पहिली वाट साखरेच्या पाण्याची. पिंजऱ्याला दोन बाटल्या लावायच्या, एकीत साधं पाणी, दुसरीत एक टक्का साखर. निरोगी उंदीर गोडाकडे धावतो. ज्याला कशातच गोडी उरलेली नाही, त्याचा कल सपाट होत जातो. ऐकायला सोपं आहे, करायला किचकट. काही उंदरांना उजवी बाजूच आवडते, म्हणून बाटल्यांच्या जागा मध्येच बदलाव्या लागतात. बाटलीच्या नळीतून थेंब गळतात, म्हणून एका रिकाम्या पिंजऱ्यालाही तशाच दोन बाटल्या लावून ठेवतात आणि तिथे जेवढं पाणी गळालं तेवढं सगळ्यांच्या हिशेबातून वजा करतात. काका प्रत्येक बाटली पुसून काट्यावर ठेवत आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वाससुद्धा बेताने घेत. उंदराच्या उदासीचा हिशेब ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत ठेवलेला मी तिथे पाहिला, आणि त्या कामाबद्दल माझ्या मनात फार आदर दाटून आला.

दुसरी वाट अधिक चिन्हाच्या आकाराच्या मचाणाची. जमिनीपासून अर्धा मीटर उंच, चार बाह्या; दोघींना भिंती, दोन उघड्या. उंदराला मधोमध सोडायचं आणि पाच मिनिटं पाहायचं. उघड्या बाहीवर चारही पाय पडले तरच तो प्रवेश मोजायचा. मॉनिटरवर मी एक पिल्लू पाहिलं. भिंतीच्या आडोशाला मागचे पाय रोवलेले, अंग रबरासारखं ताणलेलं, फक्त नाक उजेडात. नाक थरथरत पुढे जायचं आणि सबंध अंग मागे खेचलं जायचं. असं कितीदा तरी झालं. पाच मिनिटं संपली तेव्हा कागदावर उघड्या बाहीच्या रकान्यात शून्य होतं. पिंजऱ्यात मजेत अंग चाटणारं ते हेच पिल्लू.

तिसरी वाट आवाजाची. संकटात उंदीर २२ किलोहर्ट्झच्या आसपास लांब साद घालतात आणि मस्तीत असताना ५० किलोहर्ट्झच्या तुटक किलबिलीने बोलतात. माणसाचा कान २० किलोहर्ट्झला थांबतो. म्हणजे ही दुःखाची साद आपल्या कानाच्या उंबरठ्याच्या जेमतेम पलीकडे चाललेली असते. कोकेन बंद केलेल्या उंदरांत दचकवल्यावर ही साद वाढते, हे १९९६ साली नोंदलं गेलं आहे. इथे वटवाघळांच्या अभ्यासाला वापरतात तसा ध्वनिग्राहक आहे. बाजूला एखादी कंपनी सुरू असली तर यंत्रांचा गोंगाट त्याच्या आलेखावर उमटतो. शुक्रवार लागतो तो त्यासाठीही.

शेवटी रक्त. शेपटीच्या टोकातून एक-दोन थेंब, त्यातून कॉर्टिकोस्टेरॉन मोजायचं. पिंजऱ्याला हात लागल्यापासून तीन मिनिटांच्या आत थेंब मिळाला पाहिजे, कारण त्यानंतर धरल्याचाच ताण रक्तात उतरतो. रसेल रोमिओ यांच्या कामातून एक गोष्ट पक्की झाली आहे. ताणाचा प्रसंग सरल्यावर प्रौढ उंदराचं हे संप्रेरक लवकर खाली येतं. वयात न आलेल्या नराचं मात्र जवळपास दुप्पट वेळ चढलेलं राहतं. म्हणजे कोवळ्या अंगातला ताण ओसरायलाच उशीर लागतो. त्यात उत्तेजकाची सवय तुटली, की मेंदूतला अमिग्डला हा भाग ताणाची रसायनं स्वतःच वाढवू लागतो.

या अमिग्डलावर आपल्याकडे, नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात, मोलाचं काम झालं आहे. निशिकांत सुभेदार, दादासाहेब कोकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दारू तुटलेल्या उंदरांची बेचैनी अमिग्डलातल्या 'कार्ट' या पेप्टाइडशी जोडून दाखवली. हा पेप्टाइड १९९५ साली उजेडात आला तोच कोकेन आणि अ‍ॅम्फेटामिन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत, आणि त्याचं नावही त्यांच्यावरूनच पडलं. दारू असो की उत्तेजक, नशा उतरल्यावरची भीती मेंदूच्या एकाच आळीत राहते, असं हे काम वाचताना वाटत राहतं.

आमच्या भागात नशेची बातमी येते ती किलोत. मेफेड्रोन, म्हणजे पोरांच्या तोंडचं एमडी, फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. त्यानंतर रासायनिक वसाहतींवर पोलिसांची नजर बसली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यातून शेकडो किलो एमडी पकडलं. असा छापा पडला की एमडीची पाकिटं मिळणं बंद होतं, पोराकडचा माल संपतो, आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पुढच्या सहा आठवड्यांची बातमी कोणी करत नाही. मला राग येतो तो याचाच.

ओळखीचे एक फिटर आहेत. मुलाने नशा सोडल्यावर त्यांनी पेढे वाटले होते. "आता चांगला जेवतो, झोपतो," असं सांगत होते. महिन्याभराने तेच म्हणाले, "क्लास सोडलान. खोलीतून बाहेर येत नाही. आवडीचं मटण केलं तरी दोन घास. विचारलं की म्हणतो, काही नाही." चौदा-पंधरा वर्षांच्या त्या मुलाने पुन्हा धरलं असणार, असा घरच्यांना संशय होता. त्याने धरलं नव्हतं. साखरेच्या बाटलीकडे न वळणारं पिल्लू पाहिल्यापासून मला तो मुलगा सारखा आठवतो.

फ्रँक गाविन आणि हर्बर्ट क्लेबर या डॉक्टरांनी १९८६ साली कोकेन सोडणाऱ्या माणसांबद्दल हेच लिहिलं होतं. आधी काही दिवसांची कोसळण, मग झोप-भूक परत येऊन सारं ठीक वाटतं, आणि त्यानंतर आठवडेच्या आठवडे कशातच आनंद न वाटण्याचा काळ. पुन्हा वळण्याचा धोका या काळात मोठा. त्याच वर्षी पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथे व्यसन सुटल्यावरच्या पाठपुराव्यावर आणि घरच्यांच्या सहभागावर जो भर आहे, त्यामागचं कारण मला या उंदरांनी नीट दाखवलं.

काळ किती लांबू शकतो? फ्लोरिडातल्या इनिगेझ आणि सहकाऱ्यांनी २००९ साली पौगंडातल्या नरांना पंधरा दिवस निकोटिन दिलं आणि नंतर ते मोठे झाल्यावर तपासले. त्यांच्यात उदासीची लक्षणं टिकून होती. तेवढंच निकोटिन प्रौढपणी दिलेल्यांत ती नव्हती. म्हणून इथल्या पिल्लांची पुढची चाचणी ७५व्या दिवशी आहे.

त्या चाचणीनंतर त्यांचे मेंदू काढले जातात. मी काकांना विचारलं, तेव्हा ते सरळ म्हणाले, "त्या दिवशी मी घरून डबा आणत नाही." प्राण्यांवरच्या प्रयोगांना समितीची परवानगी लागते, किती उंदीर लागणार आणि त्याहून कमीत का भागणार नाही, हे लिहून द्यावं लागतं. त्या मुलीने हा कागद किती मन लावून लिहिलाय, ते मी वाचलं आहे. एकही उंदीर वाया जाऊ नये म्हणून ती गळणाऱ्या थेंबांचासुद्धा हिशेब ठेवते, हे मला पटतं.

तिला आता आणखी एक गट हवा आहे. निकोटिन तुटल्यावर काही पिल्लं सवंगड्यांबरोबर चौघांच्या पिंजऱ्यात राहतील, काही एकेकटी. सोबतीने उदासी लवकर ओसरते का, हा तिचा प्रश्न. अडचण अशी की एकटं ठेवणं हाच उंदराला मोठा त्रास आहे. नागपूरच्याच चमूने २००९ साली उदासीचा अभ्यास करताना एकटं वाढवलेले उंदीर वापरले होते ते त्यासाठीच. समिती नक्की विचारणार, हा त्रास कशासाठी द्यायचा? तिने उत्तराचा पहिला मसुदा मला वाचायला दिला. त्यात तिने एकटं ठेवण्याचे दिवस निम्म्यावर आणले आहेत, आणि चाचणी झाली की पिल्लांना परत चौघांत सोडण्याची अट स्वतःवरच घालून घेतली आहे. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे.