बडोद्याचा आवाज कुठवर, शॉर्टवेव्ह कुठवर?

स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानांची पाच रेडिओ केंद्रे होती. म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, औरंगाबाद यांच्यासोबत बडोदेही त्यांत होते. पण मध्यम लहरींवरचे असे केंद्र दिवसा जमिनीलगत चालणाऱ्या लहरींवरच विसंबून असते. खंभातचे आखात ओलांडून जहाज खोल समुद्रात गेले की त्याचा आवाज विरत जातो. 3 ते 30 मेगाहर्ट्झच्या शॉर्टवेव्ह मात्र वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटरवर उतरतात. हा थर दिवसा आणि रात्री बदलतो, म्हणून दिवसा 13 ते 19 मीटर आणि रात्री 41 किंवा 49 मीटरचे पट्टे लावावे लागतात. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने क्षितिजालगत येणारे दूरचे स्टेशनही समुद्रावर स्पष्ट ऐकू येते. पोलादी केबिनमध्ये मात्र तोच रेडिओ मुका होतो. अँटेनाची तार डेकवर काढावी लागते.

उपग्रह इंटरनेट आल्यावर हे कशाला, असे कोणी विचारेल. प्रसारकांनी हात आखडता घेतला हेही खरे: बीबीसीने 2001 मध्येच उत्तर अमेरिकेसाठीचे शॉर्टवेव्ह प्रसारण थांबवले. तरी ऐकण्यासाठी ना वर्गणी लागते ना मध्यस्थ, आणि 8291 किलोहर्ट्झ ही वारंवारता आजही समुद्रावरील संकटसंदेशांसाठी राखीव आहे. एकाच यंत्रणेवर विसंबणे समुद्रावर धोक्याचेच. दूरच्या सफरीला निघणाऱ्याने बॅटरीवर चालणारा शॉर्टवेव्ह रेडिओ सोबत ठेवावा, आणि डेकवर तार बांधण्यापूर्वी कॅप्टनची परवानगी घ्यावी.