अन्नाचे जीवशास्त्र (भाग ७) : ताटातले लोह रक्तात किती?

मागच्या आठवड्यात आपण प्रथिनांचे पचन पाहिले. आज लोह.

मोठ्या माणसाच्या शरीरात सगळे मिळून जेमतेम ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि ती मोडली तरी तिच्यातले लोह वाया जात नाही. अस्थिमज्जा तेच वापरून नव्या पेशी घडवते. त्यामुळे रोज आतड्यातून १ ते २ मिलिग्रॅम लोह आत आले तरी भागते. पण जादा झालेले लोह बाहेर टाकण्याची खास सोय शरीरात नाही. म्हणून सगळी राखण आत घेतानाच होते. यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते. साठा भरलेला असला की ते वाढते आणि आतड्यातून रक्तात जाणारे लोह अडते.

मांस, मासे, कलेजी यांतल्या लोहाचा बराचसा भाग हिमोग्लोबिनसारख्या रेणूंत बांधलेला असतो आणि तो सहज शोषला जातो. बाजरी, मटकी, हरभरा, पालेभाज्या यांतल्या लोहाची वाट बिकट. लहान आतड्याच्या सुरुवातीला जठरातले आम्ल संपत येते आणि हे लोह विरघळेनासे होते. शिवाय धान्य-कडधान्यांतले फायटेट त्याला धरून ठेवते.

फायटेट मुळात असते कशाला? बी रुजल्यावर कोंबाला लागणारा फॉस्फरस त्यात साठवलेला असतो. मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधली की बियांमधले फायटेज हे विकर कामाला लागते, फायटेट फोडू लागते आणि त्यात अडकलेले लोह मोकळे होते. दुसऱ्या दिवशी फडके सोडल्यावर दिसणारे पांढरे मोड म्हणजे ही रासायनिक क्रिया चालू असल्याची डोळ्यांना दिसणारी खूण. मोड येताना क जीवनसत्त्वही वाढते, मात्र उसळ शिजवताना त्यातले बरेच नष्ट होते. म्हणूनच लिंबू वरून, ताटात वाढल्यावर पिळायचे. क जीवनसत्त्व लोहाला फेरिकमधून फेरस रूपात आणते, आणि आतड्याच्या पेशी आत घेतात ते फेरस लोहच.

चहा याच्या नेमका उलट वागतो. त्यातली टॅनिनसारखी द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात. पोह्यांवर लिंबू पिळायचे आणि सोबत कपभर चहा प्यायचा, ही आपल्याकडची नेहमीची न्याहारी एका हाताने देते आणि दुसऱ्याने काढून घेते. चहा सोडा असे मी म्हणत नाही. तास-दीड तास थांबून प्या.

हे सगळे मी मुलींना विशेष आग्रहाने सांगतो. वाढीचे वय आणि पाळीतून जाणारे रक्त, दोन्हींमुळे त्यांची गरज वाढते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. धाप लागणे, वर्गात लक्ष न लागणे याला कित्येकदा ‘आळस’ म्हटले जाते, याचे मला फार वाईट वाटते. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोह आणि फॉलिक आम्लाची असते. ती जेवणानंतर घ्या. शौच काळे झाले तर घाबरू नका, ते न शोषले गेलेले लोह असते. एवढ्या भीतीने गोळी दप्तरात लपवू नका.

पुढच्या आठवड्यात : कॅल्शियम आणि ऊन.