प्रसूती झाली कुठे, बाई आहे कशी?

माता-आरोग्याचा आढावा घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न असतो तो प्रसूती दवाखान्यात झाली की घरी, हा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती दवाखान्यांत झाल्या. लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू २०१८-२० मध्ये ३३ वर आले. ही कमाई खरी आहे आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही. पण जगली-वाचली ती बाई घरी गेल्यावर कशी आहे, हे या दोन आकड्यांतून कळत नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी केलेल्या संशोधनाचे मोल मला इथे दिसते. आरोग्यसेवेचा दर्जा इमारतीच्या दारात मोजायचा नसतो, बाईच्या घरी जाऊन तिच्या तब्येतीवर मोजायचा असतो, हे त्या संशोधनाने पुराव्यानिशी दाखवले.

मूळच्या चंद्रपूरच्या, स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या राणीताईंनी डॉ. अभय बंग यांच्यासह १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेची स्थापना केली. चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. त्या काळी सरकारी यंत्रणेच्या लेखी स्त्रीचे आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. अंगावरून पांढरे जाणे, पाळीच्या तक्रारी, ओटीपोटातले दुखणे यांना तिथे खातेच नव्हते. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली आणि जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले: ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग वा लैंगिक आजार होता, प्रत्येकीला सरासरी ३.६ आजार होते, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. दवाखान्याच्या नोंदवहीत हे दुखणे दिसणार तरी कसे? बायका तिथवर पोहोचतच नव्हत्या. आणि सुमारे ४५ टक्के स्त्रियांनी तर कोणतीही तक्रार सांगितली नव्हती. दुखणे हा बाईपणाचाच भाग आहे असे एकदा मनात रुजले की तक्रार ओठांवर येत नाही.

दोन गावांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढावा का, तक्रार असलेल्याच बायका तपासणीला अधिक आल्या नसतील का, ही शंका रास्त आहे. पण ९२ चा आकडा निम्म्यावर आणला तरी जवळपास दर दुसरी स्त्री आजारी ठरते. तपासणी वाट्याला आलेल्या स्त्रिया त्यापुढेही मूठभरच राहतात. वादाचा मुद्दा नेमका किती टक्के हा नाहीच. रोग आणि सेवा यांच्यामधली दरी हा आहे.

बाळंतपणाबाबत हीच पद्धत पुढे वापरली गेली. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील ७७२ स्त्रियांवर प्रशिक्षित ग्रामीण आरोग्यसेविकांनी प्रसूतीपासून २८ दिवसांपर्यंत घरोघरी लक्ष ठेवले. ५२.६ टक्के स्त्रियांना काही ना काही त्रास झाला. कळांच्या काळात १७.७ टक्के, तर बाळंतपणानंतर ४२.९ टक्के! लांबलेल्या कळा, आडवे मूल, दिवस उलटल्यावर पुन्हा सुरू झालेला रक्तस्राव, जंतुसंसर्ग, स्तनांचे दुखणे. यात किरकोळ तक्रारीही मोजल्या गेल्या, असा आक्षेप घेता येईल. पण त्याच अभ्यासानुसार ३४.७ टक्के स्त्रियांना वैद्यकीय मदतीची गरज होती आणि १५.३ टक्के स्त्रियांना ती तातडीने हवी होती. दर सहा-सात बाळंतिणींमागे एक, हा आकडा किरकोळ कसा म्हणायचा?

आता प्रसूती दवाखान्यात होतात, तेव्हा तीस वर्षांपूर्वीच्या घरगुती बाळंतपणांचा दाखला कशाला, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कळांच्या काळातले धोके दवाखान्यात आटोक्यात येऊ शकतात, हे मान्यच. मात्र त्रासाचा मोठा वाटा नंतरच्या दिवसांतला होता, आणि तोवर बाई घरी परतलेली असते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा गावातल्या बाळंतिणीला दहाव्या दिवशी ताप भरला, तर तिची प्रसूती कुठे झाली या नोंदीचा तिला काय उपयोग? शिवाय दवाखाना गाठणे म्हणजे चांगली सेवा मिळणे, हे समीकरणही टिकत नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’च्या आयोगाने २०१८ मध्ये अंदाज मांडला की गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत टाळता येण्याजोग्या ८६ लाख वार्षिक मृत्यूंपैकी ५० लाख हे सेवा न मिळाल्याने नव्हे, निकृष्ट सेवा मिळाल्याने होतात.

घरी परतलेल्या बाळंतिणीची तब्येत मोजायला नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. याच ३९ गावांतून नवजात बाळाच्या घरगुती काळजीची पद्धत सिद्ध झाली आणि देशभरातल्या ‘आशा’ आरोग्यसेविकांच्या हाती गेली. दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आशाताई सहा वेळा घरी जातात. रक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव याबद्दल आईलाही विचारायचे, हे त्यांच्या कामात धरलेले आहे. पण कागद भरला की मोबदला निघतो आणि आईची उत्तरे फायलीत राहतात. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जिल्हा परिषदांनी ही उत्तरे प्राथमिक आरोग्य केंद्रनिहाय एकत्र करावीत, किती बाळंतिणी आजारी पडल्या आणि त्यांतल्या कितींना उपचार मिळाले हे दर तिमाहीला जाहीर करावे, आणि केंद्राचा दर्जा ठरवताना प्रसूतींच्या संख्येइतकेच वजन या आकड्याला द्यावे.